पात्याची नांदवणी

अकरा अवजारांचा चाकू घेऊन एखादं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं, की मिस्त्रींचा तो दिवस झकास जायचा.

गिऱ्हाईक कौतुकाने सांगू लागे, यात करवत आहे, कात्री आहे, बूच काढायचं मळसूत्र आहे, झालंच तर दात कोरायची काडीही आहे, फक्त सगळं जरा घट्ट झालंय. मिस्त्री एकेक अवजार उलगडायला लावत. सगळं उलगडून झालं, की चष्मा कपाळावर सरकवत आणि काउंटरवरची सुतळी पुढे करत. "छान. आता ही कापा." गिऱ्हाईक अकरांमधून पातं शोधायला लागे, नख मोडून घेई, चुकून करवत उघडे, ती मिटताना कात्री बाहेर येई. तोवर मिस्त्रींनी खिशातून आपला चाकू काढलेला असे, सुतळी कापलेली असे आणि चाकू मिटून परत खिशात गेलेला असे.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," ते म्हणत. "आणि दात कोरायची काडी घरी ठेवत जा, साहेब. चारचौघांत दात कोरत नाहीत."

वर दुरुस्तीला नकार तो नकारच. गिऱ्हाईक पाय आपटत गेलं, तर दिवस आणखी झकास.

त्यांच्या दुकानात एकाच तऱ्हेचा चाकू बनायचा. एक पातं, एक लाकडी मूठ, मुठीच्या पाठीला पोलादी कमान, आणि पातं ज्याच्याभोवती फिरतं तो रिव्हेट. बस. कमान पात्याच्या टाचेवर, म्हणजे मुठीतल्या बुडावर, दाब धरून असते, म्हणून उघडलेलं पातं उघडं राहतं आणि मिटलेलं मिटलेलं. बटण नाही, खटका नाही, साखळी नाही. असा चाकू पेन्सिलीला टोक काढतो, सफरचंदाची साल काढतो, पार्सलाची दोरी कापतो, आणि उरलेला वेळ खिशात गप्प पडून राहतो. मिस्त्रींना त्याचं सगळ्यात जास्त कौतुक होतं ते या गप्प राहण्याचं. स्वतःला मात्र तो गुण त्यांनी कधी लावून घेतला नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीशी काकूंचं टेबल होतं. काकू म्हणजे मिस्त्रींची बायको. सगळा रस्ता तिला काकूच म्हणे. पोलाद तापवणं, ठोकणं, त्याला पाणी देणं, पातं घासून धार काढणं, मूठ कोरणं ही मिस्त्रींची कामं, आणि ती ते उत्तम करत, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण पातं, मूठ आणि कमान असे तीन सुटे जिन्नस एका ताटलीत घालून आत जात आणि चाकू होऊन बाहेर येत. मधे व्हायचं ते असं. काकू पात्याच्या टाचेवर दोन हात कानस मारत, तिन्ही तुकडे जुळवून बघत, उघडत, मिटत, परत सोडवत, परत दोन हात मारत. टाच कमी घासली तर पातं उघडताना नख निघतं. केसभर जास्त घासली तर पातं जन्माचं लुळं पडतं, कारण घासून गेलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. या दोहोंच्या मधे एक जागा असते. ती काकूंना बोटांनी कळायची.

या कामाला त्यांच्या दुकानात नांदवणी म्हणत. शब्द काकूंचाच. लग्नाला वर्ष झालं असेल नसेल, तेव्हा सगळं काम मिस्त्री एकटेच करत आणि त्यांच्या चाकूंची पाती मुठीत कुरकुरत. काकूंनी एकदा एक उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, हे पातं नांदत नाहीये तुमच्याकडे." मिस्त्री हसत म्हणाले, "मग तू नांदवून दाखव." तिने दाखवलं. त्याला चौतीस वर्षं झाली होती. हे गिऱ्हाइकांना सांगायची कधी वेळच आली नाही, असं मिस्त्री स्वतःला समजावत. वेळ रोज यायची, आणि तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग एके दिवशी मंडळ आलं.

एकपाती मंडळ असं त्याचं नाव. सभासद नऊ, अध्यक्ष दातांचे निवृत्त डॉक्टर. साध्या, जुन्या वळणाच्या, एका पात्याच्या चाकूंवर प्रेम करणारी माणसं. हे ऐकून मिस्त्रींना बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण पाचच मिनिटं. मग त्यांच्या ध्यानात आलं की या नऊ जणांनी मिळून आजवर एक सुतळी कापलेली नाही.

एकाने पांढरे हातमोजे चढवले होते. एकाने चाकू नाकाशी धरून वास घेतला आणि पोलादालाही वय असतं, असं सांगितलं. एक बाई फोटो काढण्याआधी प्रत्येक चाकूखाली एक वाळकं पान ठेवत होत्या. पान त्यांनी घरून डबीत घालून आणलं होतं.

"याने तुम्ही काय कापता?" मिस्त्रींनी डॉक्टरांना विचारलं.

"कापतो?" डॉक्टर दचकलेच. "अहो, हा वापरायचा नसतो. याचा आस्वाद घ्यायचा."

"चाकूचा?"

"त्याच्या साधेपणाचा."

साधेपणा म्हणे! साधेपणाला मखमलीची पेटी, पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली डॉक्टरांच्या गळ्यात. मिस्त्रींच्या ओठांवर तिखट उत्तर आलं होतं. पण डॉक्टरांनी तेवढ्यात एक चाकू कानाशी नेला, डोळे मिटले आणि पातं उघडलं. टक्.

"ऐकलंत?" ते मंडळाला म्हणाले. "हा टक् जगात दुसऱ्या कुणाच्या चाकूत नाही. मी देशोदेशीचे ऐकलेत. मिस्त्री, हे तुम्ही करता तरी कसं?"

मागच्या खोलीतून कानशीचा सर् सर् आवाज येत होता. दोन हात, थांबणं, परत दोन हात. नऊही जणांच्या कानांवर तो पडत होता, पण देशोदेशीचे टक् ऐकलेल्या त्या कानांना त्यातून काही म्हणता काही कळत नव्हतं.

चार शब्द पुरले असते. आत बसलीय ती करते. मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "त्याला आम्ही नांदवणी म्हणतो."

"नांदवणी!" डॉक्टरांनी वही काढली. "अहाहा. म्हणजे नेमकं काय?"

"पातं मुठीत नांदलं पाहिजे. घुसमटता कामा नये आणि उधळताही कामा नये. हे शिकवून येत नाही, डॉक्टर. हातात असावं लागतं." आणि मिस्त्रींनी आपला हात पुढे केला, एकदा उताणा, एकदा पालथा. बाईंनी लगबगीने त्याच्याखाली पान ठेवलं आणि फोटो काढला.

आतली कानस थांबली होती. ती बराच वेळ सुरू झाली नाही.

जाण्याआधी मंडळाने दोन गोष्टी ठरवल्या. एक, मिस्त्रींच्या कलेवर पुस्तिका काढायची. दोन, तीन आठवड्यांनी त्यांचा जाहीर सत्कार करायचा, आणि तिथे मिस्त्रींनी व्यासपीठावर सगळ्यांसमोर एक पातं नांदवून दाखवायचं. "दाखवाल ना?" डॉक्टरांनी विचारलं. "त्यात काय!" मिस्त्री म्हणाले.

मंडळी गेल्यावर काकू हात पुसत बाहेर आल्या.

"हातात असावं लागतं होय?"

"अगं, बोलण्याच्या ओघात आलं."

"ओघ चांगला होता." त्यांनी काउंटरवर विसरलेलं ते वाळकं पान उचलून टोपलीत टाकलं. "आता दाखवणार करून?"

"कानशीचं तर काम. चौतीस वर्षं बघतोय मी."

"कुठे बघताय? पाठ असते तुमची माझ्याकडे."

हे खरं होतं. मिस्त्री बसायचे ते रस्त्याकडे तोंड करून. येणारंजाणारं माणूस दिसल्याशिवाय त्यांना करमत नसे, आणि दिसलं की त्याला नावं ठेवल्याशिवाय राहवत नसे.

त्या दिवसापासून काकूंचं दुपारचं जेवण होऊन त्या तासभर आडव्या झाल्या, की मिस्त्री पाय न वाजवता मागच्या खोलीत जात आणि तिच्या टेबलाशी बसत. पहिलं पातं त्यांनी चार हातांत लुळं केलं. दुसऱ्याला फार जपलं, तर ते उघडेचना. तिसरं अगदी बरोबर झालंय असं वाटलं, म्हणून त्यांनी खात्रीसाठी आणखी एकदाच कानस फिरवली, आणि ते गेलं. कधी कानस बोथट निघाली, कधी खिडकीतला उजेड चुकीच्या बाजूने आला, कधी पोलादच हलकं. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण त्यांनी आयुष्यात निदान हजार माणसांना ऐकवली असेल. टेबलाशी बसल्यावर मात्र त्यांना ती आठवली नाही. वाया गेलेली पाती ते भट्टीशेजारच्या कोळशाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवत.

तो डबा काकूच भरत आणि उपसत असत. सोळा का सतरा पाती साठली, तेव्हा एका सकाळी त्या म्हणाल्या, "कोळशाला पाती फुटायला लागलीत."

मिस्त्रींनी भाता जोरात मारला.

"काही मदत हवीय का?"

"कसली?"

"मला काय ठाऊक, कसली ते," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

तिने शिकवलं असतं. व्यासपीठावर शेजारी येऊन बसली असती. फार काय, जाहीर नका सांगू, पण मला एकदा सांगा की हे तुझं काम आहे, एवढ्यावरही ती राजी झाली असती. ती वाट बघत होती आणि मिस्त्रींना ते दिसत होतं. पण ज्या तोंडाने सगळ्या रस्त्याला शहाणपण शिकवलं, त्या तोंडाने बायकोला 'मला येत नाही' म्हणायचं? त्यापेक्षा चोरी बरी, असं त्यांनी ठरवलं.

चोरी सोपी होती. सत्काराच्या आदल्या दिवशी त्यांनी काकूंच्या तयार ताटलीतला एक चाकू उचलला, रिव्हेट ठोकून बाहेर काढला आणि तिन्ही तुकडे सुटे करून फडक्यात बांधले. टाच तिने आधीच घासून ठेवलेली. आपण फक्त घासल्यासारखं करायचं, नवा रिव्हेट घालायचा, दोन ठोके द्यायचे. त्यासाठी त्यांनी दात पार झिजून गेलेली एक कानस शोधून काढली, जिने लोणीसुद्धा घासलं गेलं नसतं. आयत्या बिळावर नागोबा बसतो तो निदान बिळाला स्वतःचं म्हणत तरी नाही. यांनी तर बीळ कसं खणावं याचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं.

सत्काराला शंभरेक माणसं आली होती. व्यासपीठावर टेबल, टेबलावर हिरवं कापड, कापडावर दिवा. पुस्तिका छापून तयार होती. पहिल्या पानावर मिस्त्रींचा तो उताणा हात, त्याच्याखाली वाळकं पान, आणि मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'नांदवणी: एका कलावंताने घडवलेला शब्द आणि तंत्र.' काकू दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. पुस्तिका त्यांच्याही हातात होती.

मिस्त्रींनी नाटक उत्तम केलं. बाह्या वर सारल्या. पातं दिव्यासमोर धरून एक डोळा मिटला. झिजलेली कानस टाचेवरून दोनदा फिरवली, मान हलवली, परत दोनदा फिरवली. एकदा तर त्यांनी नसलेली पूड फुंकरही मारून उडवली. पहिल्या रांगेतल्या हातमोजेवाल्याने ती फुंकर बघून सुस्कारा सोडला. मग रिव्हेट, दोन ठोके, आणि ध्वनिक्षेपकाजवळ नेऊन उघडलेलं पातं.

टक्.

सभागृह उठून उभं राहिलं. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या जाणकारांतून एकाच्याही मनात आलं नाही, की इतक्या घासण्यातून हिरव्या कापडावर पोलादाचा एक कणसुद्धा कसा पडला नाही. मिस्त्रींना त्यांची इतकी कीव आली की क्षणभर स्वतःची यायचीच राहिली. मग त्यांनी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. काकू टाळ्या वाजवत होत्या. इतरांइतक्याच, इतरांच्याच लयीत. मिस्त्रींना वाटलं, हिने उठून ओरडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले, तेव्हा काकू रस्त्याकडे तोंड करून, त्यांच्याच स्टुलावर, वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या.

"आत ताटल्या पडल्यात," मिस्त्री म्हणाले.

"हो."

"नांदवणी राहिलीय."

"मग करा की. येते तुम्हाला. शंभर माणसांनी डोळ्यांनी बघितलंय, मीही होते." काकूंनी पान उलटलं. "मी म्हातारी झाले आता. जरा रस्ता बघते. बरा आहे रस्ता."

त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. ताटल्या टेबलावर, मग फळीवर, मग जमिनीवर मांडाव्या लागल्या. मंडळाच्या नऊ जणांना प्रदर्शनात ठेवायला नवे नऊ चाकू हवे होते आणि डॉक्टरांचे निरोपावर निरोप येत होते. मिस्त्री पाती ठोकत राहिले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. दुकानात चाकूंचे तुकडे होते, चाकू एकही नव्हता. आणि मागच्या खोलीतून तो सर् सर् आवाज येत नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी तो कधी मुद्दाम ऐकला नव्हता. आता तो नसल्यामुळे त्यांना हातोडा कुठे मारतोय हे समजेना. दोनदा त्यांनी अंगठा चेचून घेतला.

आठव्या दिवशी ते स्टुलापाशी येऊन उभे राहिले.

"माझं चुकलं."

"हे मला काय सांगता? मला ठाऊकच होतं." काकूंनी वर्तमानपत्राची घडी केली. "ज्यांना खोटं सांगितलंत, त्यांना जाऊन खरं सांगा."

"हसतील."

"तुम्ही आयुष्यभर लोकांना हसलात. मेलं का कोणी?"

तर पुढच्या रविवारी मंडळाची बैठक डॉक्टरांच्या दिवाणखान्यात भरली, तिथे मिस्त्री गेले. काकूही सोबत होत्या. पिशवीत त्यांनी एक सुटं पातं, मूठ, कमान आणि आपली कानस घेतली होती. काचेच्या कपाटात कुलपाआड शेदोनशे चाकू निजले होते. मिस्त्री बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "नांदवणी मी करत नाही. चौतीस वर्षांत एकही केली नाही. ही करते. शब्दही हिचाच. त्या दिवशी मी तुम्हाला फसवलं."

बोलून झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं, की आता कोणी जोडा मारला असता तरी चाललं असतं.

कोणी मारला नाही. डॉक्टरांनी दोन्ही हात छातीशी नेले. "काय हा विनय!" ते म्हणाले. "खरा कलावंत असाच असतो. सगळं श्रेय पत्नीला देऊन मोकळा!"

"विनय नाही हो! खरं सांगतोय!"

"तेच, तेच," हातमोजेवाला म्हणाला.

काकूंनी पिशवी उघडली. डॉक्टरांच्या चकचकीत टेबलावर तुकडे मांडले आणि कामाला लागल्या. दोन हात, जुळवणं, उघडणं, मिटणं, सोडवणं, परत दोन हात. टेबलावर पोलादाची खरीखुरी पूड पडली. पाऊण तास गेला. मंडळातल्या तिघांनी मधे घड्याळं पाहिली, कारण व्यासपीठावर हेच काम दहा मिनिटांत झालं होतं. शेवटी काकूंनी रिव्हेट ठोकला आणि पातं उघडलं. टक्. तोच टक्, कणभर इकडे नाही की तिकडे नाही.

"अरे वा!" पानवाल्या बाई म्हणाल्या. "मिस्त्रींनी काय तयार केलंय काकूंना!"

"थोडा वेळ लागतो," डॉक्टर समजूतदारपणे म्हणाले, "पण हात बसलाय."

मिस्त्रींनी खिशातून ती झिजलेली कानस काढून टेबलावर आपटली. "ही बघा! या कानशीने मी तुमच्यासमोर घासत होतो. नख फिरवून बघा हिच्यावर. आहे एक तरी दात? हिने काही घासलं जातं का?"

कानस हातोहात फिरली. प्रत्येकाने तिच्यावर नख फिरवलं. वास घेणाऱ्याने वास घेतला.

"चौतीस वर्षं," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "केवढी साधना असेल, की पोलादाचे दात झिजून गेले." त्यांनी गळ्यातली किल्ली काढली. "मिस्त्री, ही आमच्या कपाटात ठेवू द्या. मधल्या कप्प्यात."

मिस्त्रींनी शिव्या द्यायला तोंड उघडलं. शिव्यांची त्यांच्याकडे कधी टंचाई नव्हती. मूर्ख, बहिरे, अतिशहाणे, काय वाटेल ते म्हणता आलं असतं, आणि त्यातलं एकही खोटं ठरलं नसतं. पण या नऊ जणांनी स्वतःच्या डोक्याने काहीच ठरवलेलं नव्हतं. मिस्त्रींनी सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं होतं, मिस्त्रींनी दाखवलं ते पाहिलं होतं. हातात असावं लागतं, हे त्यांना कोणी सांगितलं होतं? मिस्त्रींनी तोंड मिटलं. कानस कपाटात गेली.

दोघं परत निघाले. काकूंच्या हातातली पिशवी घ्यायला मिस्त्रींनी हात पुढे केला, तर त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

"मी सांगितलं की नाही?" मिस्त्री म्हणाले. "तुझ्यादेखत सांगितलं. गाढवांपुढे गीता वाचली. आता त्यांना कळतच नाही त्याला मी काय करू?"

"त्यांना कसं कळेल? चौतीस वर्षं एक सांगायचं आणि एका रविवारी दुसरं."

"मग करू काय?"

"सांगत राहा."

"कुणाला?"

"दुकानात येईल त्याला."

"किती दिवस?"

काकू थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं, त्या एरवी टाचेकडे बघत तशा. "चौतीस वर्षं काही तुमच्याच्याने होणार नाही," त्या म्हणाल्या. "पण होईल तितके दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मागच्या खोलीत गेल्या आणि खिडकीशी बसल्या. कानस मात्र त्यांनी उचलली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मिस्त्रींना पुढून ते दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं, म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं.

नऊच्या सुमाराला एक शिंपीण आत आली. तिच्या हातात कापड कापायची मोठी कात्री होती आणि ती घाईत होती. "हिला धार लावायचीय," तिने सांगितलं. "दुपारपर्यंत मिळेल ना?"

मिस्त्रींनी कात्री घेतली. तिचं पातं अंगठ्यावर तपासलं. एरवी या कात्रीच्या घडणीला त्यांनी निदान तीन नावं ठेवली असती. त्यांनी घसा खाकरला.

"बाई, एक सांगायचं होतं."

"काय?"

"आमच्याकडचे चाकू. ते मी बनवत नाही. म्हणजे पाती मी बनवतो. पण चाकू होतो तो आत. माझी बायको करते. त्याला नांदवणी म्हणतात, आणि तो शब्दही तिचाच आहे."

शिंपिणीने त्यांच्याकडे पाहिलं, मग कात्रीकडे, मग परत त्यांच्याकडे. "बरं," ती म्हणाली. "मी चाकूबद्दल काही विचारलंच नव्हतं. दुपारपर्यंत मिळेल का?"

"मिळेल."

मागच्या खोलीतून काकूंचा आवाज आला.

"हळू बोललात. मला काही ऐकू आलं नाही."

शिंपीण दाराकडे निघाली होती. मिस्त्री स्टुलावरून उठले. रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि आतल्या दाराकडे तोंड करून त्यांनी तेच सगळं पुन्हा, पहिल्यापासून, मोठ्याने सांगायला सुरुवात केली.